मातीला आकार देताना तुमच्या मनात नेमकं काय असतं?

काळीमाती
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकते. मी तीन वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी चाकावर बसते, शिकतेय म्हणा. आमच्या जवळच एक ताई आहेत, वीसेक वर्षं स्टोनवेअर (खूप जास्त आचेवर भाजलेली, दगडासारखी टणक भांडी) करतात, एकट्याच, स्वतःची छोटी गॅसची भट्टी. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले होते, फळीवर वाळत ठेवलेले वाडगे बघून राहवेना, विचारलं की ताई, तुम्हाला हे सुचतं कुठून? त्यांनी मातीचा एक गोळा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आधी हा मळून दे, मग बोलू." मळला. मनगटं भरून आली. मग त्यांनी तार घेऊन गोळा मधोमध कापला, कापलेल्या तोंडावर हवेचे दोन बुडबुडे दिसले. "अजून मळ." बोलणं राहूनच गेलं.

तर आता तुम्हाला विचारते. हातानं घडवलेल्या भांड्यामागे काय असतं? चाकावर बसायच्या आधी काही ठरलेलं असतं का, की हात जातील तिकडे? तुमच्या ओळखीचे कुंभार, स्टुडिओवाले काय सांगतात? मला खरंच जाणून घ्यायचंय, कारण माझे वाडगे नीट होतात हल्ली, पण ते कुणाचेही वाटतात, माझे वाटत नाहीत.

दुपारचं_ऊन
मस्त विषय! माझं उत्तर एका शब्दात, निसर्ग. सकाळी फिरायला जाते तेव्हा झाडांच्या साली, चिखल वाळून पडलेल्या भेगा, दगडावरचं शेवाळ, सगळ्याचे फोटो काढून ठेवते आणि मग तसं टेक्स्चर मातीवर आणायचा प्रयत्न करते. मागच्या महिन्यात एका पानाचा ठसा ताटलीवर घेतला, शीर न् शीर उमटली. पान भट्टीत जळून जातं आणि ठसा राहतो. आजही भट्टी उघडताना पोटात गोळा येतो माझ्या.

चाकफिरे
@दुपारचं_ऊन ताटली छानच झाली असणार, पण 'निसर्ग' हे उत्तर मला अर्धंच वाटतं. निसर्ग तर सगळ्यांनाच दिसतो, मग भांडी सगळ्यांची वेगळी का होतात?

हामादा शोजी या कुंभाराचं उदाहरण घ्या. जपानमधल्या माशिको गावात राहून काम करायचा, १९५५ मध्ये त्याला जिवंतपणीच राष्ट्रीय ठेवा म्हणून मान मिळाला. त्यानं ओकिनावात असताना वाऱ्यावर हलणारा ऊस पाहिला आणि त्यावरून ब्रशच्या मोजक्या फटकाऱ्यांची एक खूण केली. आणि पुढे कित्येक दशकं तो तीच खूण भांड्यांवर काढत राहिला! बशीवर तीच, बाटलीवर तीच. आणि तरी दोन सारख्या नाहीत. ऊस दिसला तेवढ्यानं झालं असतं तर ओकिनावातला प्रत्येक माणूस हामादा झाला असता. जे काही घडलं ते पुढच्या हजारो वेळांमध्ये घडलं, हातात घडलं.

आव्यापाशी
खूप दिवस नुसताच वाचत होतो, आज लॉगिन करावंच लागलं.

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच काम. प्रेरणा हा शब्द मी शाळेत ऐकला, वडिलांच्या तोंडून कधीच नाही. म्हणून तो खोटा आहे असं म्हणत नाही, पण त्यांच्याकडे जे होतं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा त्याला काय म्हणायचं.

चाकावरून उतरवलेल्या माठाला धड बूड नसतं. भिंत जाड, आकार आखूड. थोडा सुकला की तो मांडीवर घ्यायचा, आतून दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटणं मारत फिरवत जायचं. थाप थाप करत भिंत पातळ होते, पोट फुगत येतं, बूड मिटतं. वडील हे करताना माठाकडे बघतच नसत, समोर कुणाशी तरी बोलत असायचे. कान मात्र तिथं. आवाज बदलला की हात पुढे सरकायचा. मी लहानपणी तो आवाज ऐकत झोपलोय, आणि आज चाळीशीत स्वतः थापतो तेव्हा कुठे जाड राहिलंय ते बोटाआधी कानाला कळतं. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट सगळ्यांना माहितेय. मला नेहमी वाटतं ती गोष्ट ज्याच्या घरात थापटणं आहे त्यालाच पुरती कळते.

दुसरं, माठाचा आकार कुणाला एका रात्रीत सुचलेला नाही. कमरेवर बसावा म्हणून पोट गोल, डुचमळून सांडू नये म्हणून गळा आवळलेला, बोटं अडकावीत म्हणून काठ बाहेर वळवलेला. भिंतीतून पाणी किंचित झिरपतं आणि हवेत उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून तर पाणी गार. ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, लावलंत की ते सगळं बंद. आता यातलं वडिलांचं काय आणि त्यांच्या आधीच्या शंभर बायाबापड्यांचं काय, मला वेगळं काढता येत नाही.

तिन्हीसांज
@आव्यापाशी लिहीत राहा हो. नुसतं वाचूनही थाप ऐकू आली.

काळीमाती
आव्यापाशी, मी अजून डोळ्यांनी भिंत मोजते, सुई खुपसून जाडी बघते! कान वापरायचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच करून बघते.

रसायन_वेडा
इथं आगीबद्दल कुणी बोललंच नाही अजून. अहो, आकार तुमचा, मान्य, पण रंग भट्टी देते.

लोखंडाचं ऑक्साइड घ्या. ग्लेझमध्ये एक-दोन टक्के टाका, भट्टीत हवा कमी ठेवून धूरकट आच द्या, सेलाडॉन नावाचा शेवाळी निळसर ग्लेझ येतो. तेच आठ-दहा टक्के करा, तेनमोकू नावाचा काळाकुळकुळीत ग्लेझ, काठावर जिथे थर पातळ होतो तिथे तांबूस फुटलेलं. एकच लोखंड! आणि तांबं तर बहुरूपी आहे, मोकळ्या हवेत हिरवं, हवा तोडली की लाल. माझ्याकडे टेस्ट टाइल्सचे सात खोके आहेत, प्रत्येकीच्या पाठीवर नंबर, वहीत प्रमाण. घरच्यांना त्या फरशीचे तुकडे वाटतात, मला ती डायरी वाटते.

तीन वर्षांपूर्वी भट्टी चढत असताना मध्येच गॅसचा रेग्युलेटर अडकला. आच कधी धूरकट, कधी मोकळी, मी नुसता धावपळ करतोय. दुसऱ्या दिवशी उघडलं तर वरच्या फळीवर एक वाडगा अर्धा लाल, अर्धा हिरवा, आणि दोन्ही रंग भेटतात तिथे जांभळ्या धुरासारखी रेघ. तेव्हापासून मी तो वाडगा परत करायच्या मागे आहे. अजून जमलेलं नाही. मला कुणी विचारलं प्रेरणा काय, तर मी तो वाडगा दाखवतो.

तिन्हीसांज
म्हणजे तुमची प्रेरणा रेग्युलेटर :)

रसायन_वेडा
शंभर टक्के! तो जपून ठेवलाय मी.

जुनेखापर
मला या धाग्यावर एक गोष्ट हवीच होती ती अजून कुणी काढली नाही, म्हणजे फुटकी खापरं. (माझं नाव बघून अंदाज आला असेलच.)

मेक्सिकोच्या उत्तरेला चिवावा राज्यात माता ओर्तिस नावाचं छोटं गाव आहे. तिथला हुआन केसादा लहानपणी डोंगरात सरपण गोळा करायला जायचा. तिथे त्याला पाकिमेच्या जुन्या वस्तीतल्या रंगीत भांड्यांची खापरं सापडली. करणारे लोक काही शतकांपूर्वीच संपलेले, शिकवणारं कुणी नाही, पुस्तक नाही. मग यानं स्वतः माती शोधली, रंगाचे दगड शोधले, केसांचे ब्रश केले, भांडी फुटली की माती बदलली, परत केली. वर्षानुवर्षं. चाक नाही, हातानंच. १९७६ मध्ये एका मानववंशशास्त्रज्ञाला त्याची भांडी सीमेपलीकडच्या जुन्या सामानाच्या दुकानात दिसली आणि तो माग काढत गावापर्यंत पोचला. पुढे केसादानं घरच्यांना शिकवलं, शेजाऱ्यांना शिकवलं, गावात शेकडो लोक भांडी करायला लागले. एका खापराच्या तुकड्यातून अख्खं गाव उभं राहिलं.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सान इल्देफोन्सो पुएब्लो ही मूळ रहिवाशांची वस्ती आहे, तिथली मारिया मार्टिनेझ, तिचंही असंच. १९०८-०९ च्या सुमाराला तिथल्या उत्खननात निघालेली खापरं दाखवून तिला विचारलं, अशी भांडी करता येतील का? ती आणि तिचा नवरा हुलियन करून बघत राहिले. काळ्यावर काळं ही त्यांची तऱ्हा त्यातून आली. भांडं दगडानं घासून आरशासारखं करायचं, त्यावर हुलियन पातळ मातीनं नक्षी काढायचा, आणि जाळ पेटल्यावर त्यावर शेणखताची भुकटी टाकून हवाच कोंडायची. धूर भांड्यात शिरतो, घासलेला भाग चकाकतो, रंगवलेला मंद राहतो. काळा रंग लावलेलाच नाही, तो धुराचा आहे.

चाकफिरे
जुनेखापर, गोष्टी सुंदर आहेत पण मग यात त्यांचं स्वतःचं काय? जुन्याची नक्कल आणि प्रेरणा यात फरक कुठे करायचा? मी हे मुद्दाम विचारतोय कारण हल्ली कुणाचंही काम फोनवर बघून दुसऱ्या दिवशी तसंच्या तसं करणारे खूप झालेत आणि विचारलं की म्हणतात, त्यांच्यापासून प्रेरणा घेतली. माझ्या एका मैत्रिणीनं दोन वर्षं खपून किटलीची एक तोटी जमवली होती, पाणी ओतून थांबलं की एक थेंब ओघळत नाही अशी. ती तोटी आता तीन जणांच्या किटल्यांवर दिसते. एकीचीही थेंब न सांडता थांबत नाही.

जुनेखापर
तुमच्या मैत्रिणीबद्दल वाईट वाटलं. पण उत्तर तुम्हीच दिलंत ना शेवटच्या वाक्यात. तोटी दिसते तशी उचलली, थेंब का थांबतो ते उचललं नाही. केसादाला खापरावर फक्त नक्षी दिसली, त्यामागची माती, रंग, जाळ सगळं त्याला नव्यानं शोधावं लागलं, आणि त्या शोधात नक्षीही त्याची झाली. सुरुवातीची आणि नंतरची भांडी शेजारी ठेवली तर नंतरच्या भांड्यांवरच्या रेघा पाकिमेवाल्यांनीही काढल्या नसतील इतक्या बारीक आणि वळणदार आहेत.

वाकडी_कडा
मी काही कुणी कलाकार नाही, पण एक सांगते.

आईची बोटं संधिवातानं वाकली. तिला कपाच्या कानात बोट घालून कप उचलता येईना, दोन्ही हातांनी धरायची, मग भाजायचं. मी तेव्हा नुकतीच शिकत होते. ठरवलं की हिच्यासाठी कप करायचा. पहिल्या कपाचा कान मोठा केला, चार बोटं जातील असा, ओल्या मातीवर तिचा हात ठेवून माप घेतलं. भट्टीतून आला तर तीनच बोटं जातात! माती वाळताना आणि भाजताना मिळून आकसते, माझी तर बारा टक्के आकसते, हे ऐकलेलं होतं पण कळलं त्या दिवशी. दुसरा केला तो जड झाला. तिसऱ्याचा कान रिकामा असताना छान, भरल्यावर कप पुढे झुकायचा, कारण कान फार खाली जोडला होता. असे अकरा कप. अकराव्याला अंगठा टेकवायला कानाच्या वर एक छोटा खळगा केला, माझ्याच अंगठ्यानं दाबून. आई तो कप हातात घेऊन काही बोलली नाही, नुसता अंगठा त्या खळग्यात फिरवत बसली.

आता मी सगळ्याच कपांना तो खळगा करते. लोकांना डिझाइन वाटतं. आईचा अंगठा आहे तो.

दुपारचं_ऊन
@वाकडी_कडा डोळे भरून आले गं.

कोरडा_ओला
वाकडी_कडा, तुमच्या पोस्टवर हे विचारणं बरं दिसत नाही पण विचारतोच, माझे कान जोडावर तडकतात हो! दहातले चार. काय करू?

वाकडी_कडा
अहो विचारा की, त्यात काय. कप आणि कान दोघांचा ओलावा सारखा पाहिजे. कप अर्धवट वाळून चामड्यासारखा झालाय आणि कान ताजा ओला, असं जोडलंत की कान जास्त आकसतो आणि जोड ओढून तोडतो. दोन्हीकडे खरवडा, त्याच मातीचा घट्ट रबडा लावा, दाबा, आणि मग प्लॅस्टिकखाली दोन-तीन दिवस सावकाश. घाई करू नका.

रसायन_वेडा
आणि जोडात तडा भट्टीनंतर दिसत असेल तर गार होतानाही बघा. ५७३ अंश सेल्सिअसच्या आसपास मातीतला क्वार्ट्झ एकदम आकार बदलतो, चढताना फुगतो, उतरताना आकसतो. त्या टप्प्यात भट्टी सावकाश उतरू द्या. झाकण उघडून डोकावायचा मोह आवरा, मीही आवरतो.

कोरडा_ओला
दोघांचे आभार. मोह आवरत नाही, हे कारण असावं :(

फुंकर
मूळ प्रश्नाकडे. मला लूसी री या कुंभार बाईबद्दल लिहायचंय. व्हिएन्नात १९०२ साली जन्म, ज्यू घर, १९३८ मध्ये सगळं सोडून लंडनला. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, युद्धाच्या काळात पोटासाठी तिनं चिनीमातीची बटणं केली. नुसती बटणं, ड्रेसला लावायची! पण कपड्याला जुळणारा रंग हवा म्हणून बटणांवर तिनं किती ग्लेझ करून बघितले असतील विचार करा, आणि ते पुढे तिच्या वाडग्यांच्या कामी आले असतील असं मला नेहमी वाटतं.

नंतर ती इंग्लंडमधल्या एव्हबरीच्या म्युझियममध्ये गेली, तिथे कांस्ययुगातली रेघा कोरलेली भांडी होती आणि त्यांच्याजवळ पक्ष्यांची हाडं मांडलेली. तिथून आल्यावर तिनं गडद ग्लेझ सुईनं खरवडून बारीक रेघा काढायला सुरुवात केली, खालची पांढरी माती दिसते. सुईची एकेक रेघ, काठापासून बुडापर्यंत, हातानं. @चाकफिरे, तुमचा ऊस आणि ही हाडं, मला वाटतं बघणंही शिकावं लागतं. त्याच कपाटापुढून किती लोक गेले असतील.

चाकफिरे
हे मान्य. 'निसर्ग अर्धं उत्तर' म्हणालो होतो, तर दुसरं अर्धं म्हणजे तुम्ही त्या क्षणी कशात अडकलेले आहात ते. तिच्या हातात आधीच ग्लेझ होता, म्हणून त्या भांड्यांवरच्या रेघा दिसल्या.

दुपारचं_ऊन, तुम्हाला उगाच टोकलं मी. पानाचं चालू ठेवा.

दुपारचं_ऊन
राग नव्हताच :) पण तुमच्यामुळे काल पानाची शीर कुठे जाड, कुठे पातळ होते ते पहिल्यांदा नीट बघितलं.

थेंबेथेंबे
लादी क्वालीचं नाव राहिलं म्हणून लिहिते. नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला भांडं घडवणारी बाई आहे ती हीच. घरच्या बायकांकडून शिकलेली, मातीच्या वळ्या एकावर एक रचत मोठे घडे करायची, त्यावर सरडे, साप, विंचू कोरायची. आणि चाक नाही, घडा जागेवर आणि ती स्वतः त्याच्याभोवती फिरायची, पाठ वाकवून, उलट्या पावलांनी. १९५४ मध्ये अबुजाच्या प्रशिक्षण केंद्रात आली, तिथे चाकही शिकली, स्टोनवेअर शिकली, पण हे फिरणं सोडलं नाही.

मी एकदा तसं करून बघितलं, स्टुलावर घडा ठेवून भोवती फिरत. दहा मिनिटांत समजलं की आकार फार वेगळा दिसतो. चाकावर आपण एकाच बाजूनं बघत असतो. फिरताना घड्याचा पाठचा भाग कळतो. त्या दिवसापासून माझ्या भांड्यांना पाठ आहे.

आव्यापाशी
थेंबेथेंबे, उलट्या पावलांनी म्हणालात आणि आजी आठवली. ती चाकाला हात लावायची नाही, पण वळ्यांची मोठी रांजणं तिचीच. तीही भोवती फिरायची.

कुणीतरी वर नक्कल आणि स्वतःचं असं बोललं, त्यावर एक. चेक प्रजासत्ताकात दोल्नी व्येस्तोनित्से इथं मातीची भाजलेली बाईची मूर्ती सापडली, पंचवीस हजार वर्षांहून जुनी, भांडी यायच्या कितीतरी आधीची. तिच्या पाठीवर एका लहान मुलाच्या बोटाचा ठसा आहे. त्या पोरानं मूर्ती केली की नुसती कुणी करताना उचलून बघितली, काही सांगता यायचं नाही. आमच्या आव्यातून निघालेल्या माठांवर माझ्या धाकट्याची बोटं असतात कारण ओल्या मालाला हात लावू नको म्हटलं की तो लावतोच. पूर्वी मी ओरडायचो आणि ओल्या फडक्यानं पुसायचो. आता नाही पुसत.

काळीमाती
मंडळी, काल परत गेले होते ताईंकडे. सांगते.

आधी मळायला दिलाच. मी गुपचूप मळला. मग त्या मला आत घेऊन गेल्या. भिंतीला एक लांब फळी आहे, त्यावर तीस-चाळीस भांडी, एकही दुसऱ्यासारखं नाही, काही तर चक्क वेडीवाकडी. मला वाटलं ही खास असतील. म्हणाल्या, प्रत्येक भट्टीतलं एक ठेवते, विकायचं नाही. एक उलटं करून दाखवलं. बुडाला ग्लेझ नसतो ना, त्या कोऱ्या मातीवर पेन्सिलनं लिहिलेलं, "मान आखूड". दुसऱ्यावर, "काठ ओठाला टोचतो". एकावर नुसतंच "पोट!" मी एकेक उलटं करत गेले. पुढच्याची मान लांब झालेली, पण आता बूड अरुंद, तसं लिहिलेलं. त्याच्या पुढच्यात बूड रुंद. वीस वर्षांचा एक वाडगा हळूहळू पुढे सरकत होता त्या फळीवर.

मी म्हटलं, ताई, म्हणजे मागच्या भट्टीतलं चुकलेलं तुम्हाला पुढचं सुचवतं? म्हणाल्या, "चुकलेलं नाही गं, राहिलेलं." आणि शेवटचा वाडगा दाखवला. त्याच्या बुडावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं हा पूर्ण झाला का? म्हणाल्या, नाही, यात काय राहिलंय ते दोन महिने झाले दिसत नाहीये, रोज बघते.

घरी आल्यावर माझे तीन वर्षांचे वाडगे खोक्यातून काढले. बरेचसे वाटून टाकलेत, नऊ उरले. पेन्सिल घेऊन बसले. पहिल्या सहांवर लिहिता आलं. सातव्यापाशी थांबले, त्याचा काठ एका जागी माझ्या बोटानं किंचित आत ढकलला गेलाय, तेव्हा तो मी टाकणार होते. वाकडी_कडा, तुझा खळगा आठवला आणि तिथे अंगठा ठेवून बघितला. नीट बसतो.

वाकडी_कडा
तो वाडगा कुणाला देऊ नकोस.

रसायन_वेडा
काळीमाती, त्या शेवटच्या वाडग्याचा ग्लेझ कुठला आहे विचाराल का? आणि ताईंना सांगा, पेन्सिल भट्टीत उडून जाते, भाजल्यावर लिहा. अर्थात त्यांना माहीत असणारच.

काळीमाती
भाजल्यावरच लिहितात :) ग्लेझ विचारते पुढच्या रविवारी.

तिन्हीसांज
एक राहिलं. या वेळी गोळा कापला तेव्हा बुडबुडे होते का?

काळीमाती
एक होता. छोटा.